शिसपेन्सिलीत शिसे किती?

मुलाने शिसपेन्सिलीचे टोक चावून गिळले की घरातील वडीलधारी मंडळी धास्तावतात. पोटात शिसे गेले, आता विष भिनणार! आम्ही त्यांना दोष देत नाही. दोष त्या शब्दाचा आहे. शिसपेन्सिलीच्या कांडीत शिसे मुळीच नसते. असते ते ग्राफाइट, म्हणजे हिऱ्याचाच काळा भाऊ, कार्बन.

सोळाव्या शतकात इंग्लंडातील बॉरोडेल येथे हे काळेभोर, चकचकीत खनिज सापडले. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करीत. दिसायला शिशासारखे, म्हणून लोक त्याला ‘काळे शिसे’ म्हणू लागले. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली तो कार्बन असल्याचे दाखविले. पण तोवर नाव रुळले होते, आणि आपल्या मराठीनेही ते बिनतक्रार उचलले!

पुढे युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचे ग्राफाइट मिळेनासे झाले. तेव्हा कॉन्ते या फ्रेंच गृहस्थाने ग्राफाइटची भुकटी चिकणमातीत मळून, कांड्या करून भट्टीत भाजल्या. १७९५ साली त्याला पेटंट मिळाले. आजही रीत तीच आहे. माती अधिक, तर पेन्सिल कठीण व फिकी. माती कमी, तर मऊ व काळी. लिहिताना ग्राफाइटचे पातळ थर सुटून कागदाला चिकटतात, तीच आपली अक्षरे.

तेव्हा टोक पोटात गेले तर विषाची भीती नको. घशात अडकले तर मात्र डॉक्टर गाठावा. आणि एक गोष्ट. पूर्वी पेन्सिलीच्या लाकडावरील रंगात शिसे असे. आजोबांच्या पेटीतील जुनी पेन्सिल नातवाच्या तोंडात जाऊ देऊ नये.