पाळीव कुत्र्यामांजरांचे निर्बीजीकरण : मालकाचे कर्तव्य

राखणीसाठी कुत्रा आणि उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजर पाळण्याची रीत खेडोपाडी फार जुनी आहे. या जनावरांना घरात घास मिळतो. परंतु त्यांच्या पिलांचे पुढे काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो. एक-दोन पिले शेजारीपाजारी दिली जातात. उरलेली पोत्यात घालून बाजाराच्या गावी किंवा ओढ्याकाठी सोडली जातात. काही उपासमारीने मरतात, काही वाहनांखाली सापडतात आणि जी जगतात, ती मोकाट जनावरांच्या संख्येत भर घालतात. लसीकरणावाचून वाढलेली अशी कुत्री रेबीजच्या प्रसारास कारण ठरू शकतात. मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नाचे एक मूळ अशा रीतीने घराच्या उंबरठ्याच्या आतच आहे.

कुत्री साधारणतः सहा ते बारा महिन्यांत वयात येते आणि बहुधा वर्षातून दोनदा माजावर येते. तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. एका वेतात पाच पिले धरली, तरी दोन वेतांची दहा होतात. मांजर तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते आणि पिले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. एवढ्या पिलांना घरे मिळणे शक्य नाही.

यावरील खात्रीचा उपाय म्हणजे निर्बीजीकरण. मादीची अंडाशये व बहुधा गर्भाशय, तर नराची वृषणे शस्त्रक्रियेने काढली जातात. जनावरास पूर्ण भूल दिलेली असल्याने त्या वेळी वेदना होत नाहीत. योग्य वय सामान्यतः सहा महिन्यांच्या सुमाराचे असते; मात्र जात व प्रकृती पाहून पशुवैद्यकाने ते ठरवावे. शस्त्रक्रियेपूर्वी किती वेळ उपाशी ठेवावे, हे त्यांनाच विचारावे. नंतर सुमारे दहा दिवस जखम कोरडी ठेवावी व जनावरास ती चाटू देऊ नये.

या बाबतीत काही गैरसमज रूढ आहेत. मादीचे एक तरी वेत व्हावे, हा त्यांपैकी एक होय. वस्तुतः पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास कुत्रीला स्तनांच्या गाठी होण्याचा धोका बराच कमी होतो. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकारही टळतो. कुत्रा राखण सोडतो, ही भीतीही निराधार आहे. वजन वाढू शकते, हे खरे. परंतु आहार बेताचा ठेवून व फिरवून ते आटोक्यात राहते.

निर्बीजीकरणाने रेबीजपासून संरक्षण मिळत नाही, हे मात्र ध्यानी ठेवले पाहिजे. त्यासाठी तीन महिन्यांच्या वयापासून लस द्यावी आणि पुढील मात्रा वेळच्या वेळी द्याव्यात.

कायद्यानेही ही जबाबदारी स्पष्ट केली आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण व निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर आहे. भूक-तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे, हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करण्याबाबतच्या १९६० च्या अधिनियमाखाली अपराध आहे.

ग्रामपंचायतींना या कामी बरेच करता येण्याजोगे आहे. गावातील पाळीव कुत्र्यामांजरांची नोंद करावी, ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून लसीकरण व निर्बीजीकरणाचे शिबिर योजावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावे की, कुत्रा किंवा मांजर चावल्यास ते घरी लपवू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्वरित आरोग्य केंद्र गाठावे. ज्या घरात नको असलेली पिले जन्मालाच येत नाहीत, त्या घराला ती ओढ्याकाठी सोडण्याची वेळही येत नाही.