क्रुगरला जाण्याआधी जमीन वाचावी

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कचा नकाशा समोर घेतला की पहिला धक्का आकाराचा बसतो. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटर, सरासरी रुंदी साठेक किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे 19,500 चौरस किलोमीटर. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर धरून 1,700 च्या थोडा वर आहे, म्हणजे यात असे अकरा ताडोबा मावतील. ताडोबात आपण जिप्सीत बसतो आणि गाईड नेईल तिकडे जातो. क्रुगरमध्ये मात्र भाड्याची साधी मोटार घेऊन आपण स्वतः हिंडू शकतो. राहायला सरकारी छावण्या आहेत आणि मुख्य रस्ते डांबरी आहेत. कुठे वळायचं, हे आपणच ठरवायचं. एवढ्या मुलखाला सहलीच्या कार्यक्रमात सहसा दोन रात्री मिळतात. माझ्या मते हा त्या जंगलावर आणि पाहणाऱ्यावरही अन्याय आहे. किमान पाच रात्री द्याव्यात, आणि त्या कुठे घालवायच्या हे तिथल्या मातीला विचारावं.

क्रुगरच्या पश्चिम अर्ध्या भागाखाली ग्रॅनाइट आहे आणि पूर्व अर्ध्या भागाखाली बेसॉल्ट. ग्रॅनाइटची माती वाळूमिश्रित, निकस. तिथे झाडी दाट आणि गवत कमी कसाचं. बेसॉल्टवर आपल्या देशावरच्यासारखी काळी चिकणमाती तयार होते, तिच्यातलं गवत पौष्टिक असतं. म्हणून पार्कच्या मध्यभागी, सातारा छावणीच्या आसपासच्या मोकळ्या माळांवर झेब्रा आणि विल्डबीस्टचे कळप चरतात आणि त्यांच्या मागोमाग सिंह येतात. (आपल्या साताऱ्याशी या नावाचा संबंध नाही.) दक्षिणेत साबी नदीकाठी उंच झाडांची गर्द राई आहे, तो बिबट्याचा मुलूख. ऑलिफंट्स नदी ओलांडून उत्तरेला गेलं की मोपानेच्या झाडांचं राज्य सुरू होतं. पाऊस कमी, हत्ती भरपूर, गाड्या तुरळक. पहिल्यांदा जाणाऱ्याने लोअर साबी, स्कुकुझा आणि सातारा या तीन छावण्या धराव्यात. उत्तर पुढच्या खेपेला.

जुनी मार्गदर्शक पुस्तकं पाणवठ्यांच्या याद्या देतात. त्यांवर विसंबू नये. 1930 च्या दशकापासून इथे बोअर खणून कृत्रिम पाणवठे करायला सुरुवात झाली आणि पुढे त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. हेतू चांगला होता, परिणाम वेगळाच झाला. उत्तरेच्या कोरड्या माळांवर पाणी आलं म्हणून झेब्रे आले, झेब्रे आले म्हणून सिंह आले, आणि तिथे उंच गवतात राहणाऱ्या दुर्मीळ रोन हरणांचा बळी गेला. 1986 मध्ये साडेचारशेच्या आसपास असलेली ही हरणं 1993 पर्यंत पन्नासाच्या खाली आली. नंतर व्यवस्थापनाने त्यातले बरेच पाणवठे बंद केले. माणसाने केलेली सोय जंगलाला किती महागात पडू शकते, हे रोन हरणाइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

क्रुगर वर्षभर उघडं असतं. मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा; गवत उतरतं, प्राणी नदीकाठी येतात. आपल्या शाळांच्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत. मेच्या सुरुवातीला गवत अजून उभं असतं, पण हवा सुखद असते आणि माजावर आलेल्या इंपाला हरणांच्या नरांचं खर्जातलं डरकणं रात्रभर ऐकू येतं. ऑक्टोबरअखेर उन्हाचा तडाखा, कधी 40 अंशांच्या वर, पण पाणी आटलेलं असल्याने प्राणी हमखास दिसतात. नोव्हेंबरात पाऊस लागला की इंपालांची पाडसं जन्माला येतात.

डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटर, कच्च्यावर 40. खरं तर याच्या निम्म्याने जावं. स्कुकुझा ते सातारा 92 किलोमीटर आहे. या प्रवासाला अर्धा दिवस धरावा. हिवाळ्यात छावणीचं फाटक सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. उशीर झाला तर दंड. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. अंधारातलं जंगल पाहायचं तर पार्कच्या गाडीतून नाइट ड्राइव्ह घ्यावा.

लोअर साबीच्या फाटकाजवळच सनसेट डॅम आहे. तिथे काठाला गाडी लावून इंजिन बंद करावं. पाणघोड्याच्या पाठीवर छोटी कासवं ऊन खात बसलेली असतात. तो बुडी मारायला लागला की ती एकेक करून घसरतात, तो वर आला की पुन्हा धडपडत चढतात. बगळा मात्र जागचा न हलता त्याच पाठीवरून मासे टिपतो. अशा ठिकाणी तासभर बसणाऱ्याला जे दिसतं, ते सिंहामागे चाळीस किलोमीटर धावणाऱ्याला दिसत नाही.

छावणीत 'आज कुठे काय दिसलं' हे दाखवणारा नकाशा लावलेला असतो. त्यावर गेंडा नसतो, आणि नसावाच. या भागातून एकोणिसाव्या शतकातच संपलेला पांढरा गेंडा 1961 मध्ये नाताळ प्रांतातून आणून पुन्हा इथे सोडला गेला. 2011 च्या सुमारास त्यांची संख्या दहा हजारांच्या वर होती. 2020 पर्यंत शिंगांच्या चोरट्या शिकारीने ती तीन हजारांच्या खाली आणली. गेंड्याचा फोटो काढण्याआधी फोनमधलं लोकेशन बंद करावं आणि जागा कुणालाही सांगू नये. प्रत्येक मराठी पर्यटकाने हे पाळावं, असं मला कळकळीने वाटतं.

आता कागदपत्रं. व्हिसा आणि आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागेल. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. नैरोबी किंवा अदिस अबाबाला मुक्काम करून जाणार असाल, तर पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, नाहीतर परतल्यावर विलगीकरणात जावं लागू शकतं. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारून गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्यात. जोहान्सबर्गहून गाडीने पाच-सहा तास लागतात. हा प्रवास उजेडातच करावा. 2022 मध्ये नुंबी गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जर्मन पर्यटकाची हत्या झाली होती. शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेली झोपडी घ्यावी. फ्रिज व्हरांड्यात असेल तर त्याचं दार नीट बंद करावं, बबून माकडांना तो उघडता येतो.

उत्तर टोकाला, लिंपोपो आणि लुवुव्हू नद्यांच्या मधला पाफुरीचा भाग मकुलेके लोकांचा. 1969 मध्ये वर्णभेदी सरकारने त्यांना तिथून जबरदस्तीने हलवलं आणि जमीन पार्कला जोडली. 1998 मध्ये ती त्यांना परत मिळाली. त्यांनी तिथे शेती करण्याऐवजी जंगल राखलं आणि आता पर्यटनाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा असतो. दुसऱ्या खेपेला जाणाऱ्याने दोन रात्री तिथे द्याव्यात. 'फीव्हर ट्री' नावाच्या झाडांचं पिवळसर हिरवं जंगल आणि पक्षी यांसाठी क्रुगरमध्ये त्याला तोड नाही.

छावण्यांचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, आणि लोअर साबीतल्या नदीकडे तोंड असलेल्या झोपड्या लवकर संपतात. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर तारखा आदल्या डिसेंबरातच ठरवाव्यात. विमानाचं तिकीट नंतर काढलं तरी चालेल.