दूध तुटल्यानंतरचे दिवस : डुकराची पिल्ले, आतडे आणि ओवा-लसूण

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नाच्या जेवणात डुकराच्या मांसाला, त्यातही सिरका, लसूण, हळद, जिरे, दालचिनी आणि सुक्या मिरच्यांच्या वाटणात मुरवलेल्या इंद्यालाला मानाचे स्थान आहे. 1534 ते 1739 या पोर्तुगीज अमलात रुजलेली ही पाककृती मुळात मांस टिकवण्याची रीत होती, कारण सिरक्यातील आम्ल आणि मसाल्यांतील उडनशील तेले जिवाणूंची वाढ रोखतात. हेच पदार्थ आता पशुवैद्यकाच्या अभ्यासाचा विषय झाले आहेत, आणि प्रश्न असा आहे की जो गुण भांड्यातल्या मांसावर दिसतो तो जिवंत पिल्लाच्या आतड्यात कितपत उतरतो.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो प्रतिजैविकांमुळे. रोग नसतानाही अल्प मात्रेत प्रतिजैविके खाद्यात मिसळली तर जनावर लवकर वाढते, हे 1950च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले आणि पुढची काही दशके ती पद्धत जगभर रूढ झाली. परंतु अशा वापरातून औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात आणि ते माणसापर्यंत पोहोचतात, हे स्पष्ट झाल्यावर स्वीडनने 1986 मध्ये आणि युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून तिच्यावर बंदी घातली. माणसाच्या गंभीर संसर्गांत अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिन या औषधाला निष्प्रभ करणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक 2015 मध्ये चीनमधील डुकरांत सापडले आणि भारत सरकारने जुलै 2019 मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापराला मनाई केली. दरम्यान युरोपात पिल्लांची हगवण थोपवण्यासाठी झिंक ऑक्साइड मोठ्या मात्रेत दिले जात असे. शेणखतातून जस्त जमिनीत साचत असल्याने जून 2022 पासून तोही मार्ग बंद झाला, आणि मग वनस्पतिजन्य खाद्यपूरकांकडे साऱ्यांचे लक्ष वळले.

पिल्लाच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ म्हणजे दूध तुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे. डुकरिणीच्या गर्भवेष्टनातून प्रतिकारद्रव्ये पिल्लाला मिळत नाहीत, ती जन्मानंतरच्या पहिल्या चिकातून मिळतात, आणि पुढे दुधातील प्रतिकारद्रव्ये आतड्याच्या आतल्या पृष्ठभागाचे रक्षण करीत राहतात. दूध तुटताच हे कवच नाहीसे होते, पण पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून पक्की झालेली नसते. निसर्गात दूध तुटण्याची ही प्रक्रिया कित्येक आठवडे हळूहळू चालते, मोठ्या व्यापारी फार्मवर मात्र ती 21 ते 28 दिवसांतच एकाएकी केली जाते. पिल्लू भेदरते, एखादा दिवस काहीच खात नाही, आणि उपाशी आतड्यातील रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, काही दिवसांतच आखूड होतात. जठरात अजून पुरेसे आम्ल तयार होत नसल्याने घन खाद्यातील प्रथिने अर्धवट पचून पुढे सरकतात, आणि त्यांवर एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूचे काही उपद्रवी वाण पोसले जातात. हे वाण आतड्याच्या पेशींना चिकटून विष सोडतात, त्या विषामुळे पेशी शरीरातील क्षार आणि पाणी आतड्याच्या पोकळीत ओतू लागतात, आणि पातळ हगवणीने पिल्लू काही तासांत खंगून जाते. अशा पिल्लाचे डोळे खोल जातात, मागची बाजू ओली राहते आणि ते भावंडांच्या ढिगाखाली ऊब शोधत पडून राहते.

वनस्पतिजन्य पूरकांचे काम या साखळीच्या निरनिराळ्या कड्यांवर चालते. ओव्यातील थायमॉल आणि ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल जिवाणूच्या पेशीभोवतीचे पटल सच्छिद्र करतात, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतील युजेनॉल यांचाही जिवाणूंवर मारा होतो, हळदीतील कुरकुमिन दाह कमी करते, तर तिखट आणि सुगंधी घटक लाळ व पाचकरस वाढवून पिल्लाला खाण्याकडे वळवतात. परंतु प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत जी मात्रा जिवाणू मारते ती खाद्यात घातली तर उग्र वासामुळे पिल्लू तोंडच लावत नाही. शिवाय थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल यांचा बराचसा भाग जठरात आणि लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषला जातो, म्हणून ते मेदाच्या सूक्ष्म आवरणात बंद करून द्यावे लागतात. लसणातील अॅलिसिन कुडी ठेचल्यावर तयार होते आणि फार काळ टिकत नाही, त्यामुळे वाळवलेल्या लसणाच्या पुडीत ते किती उरते हे पुडी कशी केली यावर अवलंबून असते. एकाच वनस्पतीत वाण, हंगाम, माती आणि वाळवण्याची रीत बदलली की घटकांचे प्रमाण बदलते, आणि जगभरच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत याचे एक मोठे कारण हेच आहे. पिशवीवर नुसते ‘हर्बल’ लिहिलेल्या, घटकांचे प्रमाण न सांगणाऱ्या पूरकावर पैसा घालवू नये.

वसई-विरारमध्ये या साऱ्याचा विचार इथल्या हवेच्या आणि पाळण्याच्या पद्धतीच्या संदर्भात व्हायला हवा. पावसाळ्यातील दमट हवेत साठवलेल्या मक्याला आणि पेंडीला बुरशी लागते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते पिल्लाच्या यकृतावर आघात करून त्याची वाढ खुंटवते. असे खाद्य देऊन वर ओव्याचा अर्क पाजणे म्हणजे पाण्याची गळती तशीच ठेवून फरशी पुसत बसणे होय. हॉटेलचे खरकटे देणाऱ्याने ते किमान अर्धा तास ढवळत उकळले पाहिजे, कारण 2020 मध्ये भारतात प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर मांसाच्या कच्च्या तुकड्यांतून पसरतो, त्यावर औषध नाही, आणि लसूण किंवा हळद त्याला थोपवते असे सांगून माल विकणारा पाळणाऱ्याची फसवणूक करतो. पिण्याच्या पाण्याचाही तितकाच विचार हवा. वाड्यांमधील बावखले, म्हणजे पावसाचे गोडे पाणी साठवणारी खोदलेली तळी, मैल्यापासून वाचवली नाहीत तर हगवणीचा जिवाणू पाण्यावाटेच परत येतो. लहान पाळणाऱ्याकडे एक मोठी सवलत मात्र आहे: त्याच्यावर कारखानदारी वेळापत्रकाचे ओझे नसल्याने तो सहा ते आठ आठवड्यांपर्यंत पिल्ले डुकरिणीजवळ ठेवू शकतो आणि दूध तोडण्याच्या बऱ्याच आधीपासून त्यांना थोडे-थोडे खाद्य चाटवू शकतो. कोणत्याही अर्काहून या दोन गोष्टींचा आतड्याला अधिक उपयोग होतो.

2019च्या पशुगणनेनुसार देशातील डुकरांची संख्या 2012च्या तुलनेत सुमारे 12 टक्क्यांनी घटून 90.6 लाखांवर आली होती, तरी वराहांवरील संशोधनाची सोय देशात आहे. गुवाहाटीजवळील राणी येथे वराहाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत वराहपालनावर काम होते, आणि वसईपासून लोकलच्या अंतरावर परळ येथे 1886 मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थांनी तपासावी अशी एक वनस्पती इथेच आहे: वसईची पानवेल पिढ्यान्पिढ्या नावाजलेली आहे. तिच्या पानात लवंगेतलेच युजेनॉल आणि जिवाणूरोधक हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल असते, तर बाजारात न खपलेली पाने वाया जातात. या पानांतील घटक आधी मोजावेत, मग मोजक्या मात्रेत ती पिल्लांच्या खाद्यात घालून शेजारच्या साध्या खाद्यावरील पिल्लांशी वजन, हगवणीचे दिवस आणि मरतूक यांची तुलना करावी, आणि निष्कर्ष उलट आला तरी तो पाळणाऱ्यांना त्यांच्या भाषेत कळवावा, अशी विनंती परळच्या महाविद्यालयाला आणि पालघर जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला आहे.