चक्री वादळे, भूपृष्ठावरील

उष्ण कटिबंधातील समुद्रावर उद्‌भवलेले चक्री वादळ किनारा ओलांडून जमिनीवर आले म्हणजे सामान्यतः क्षीण होऊ लागते. काही वादळे मात्र जमिनीवरही आपले सामर्थ्य टिकवून ठेवतात आणि क्वचित प्रसंगी समुद्रावर होती त्याहून अधिक तीव्र होतात. या भेदाचे कारण वादळाला बाष्प व उष्णता कोठून मिळते यात आहे.

चक्री वादळ हे एक प्रकारचे उष्णता-एंजिन होय. सुमारे २६·५° से. वा त्याहून अधिक तापमानाच्या समुद्रपृष्ठावरून बाष्पीभवन होते. ते बाष्प वादळाच्या केंद्राभोवती वर चढते, थंड होऊन त्याचे मेघ बनतात आणि त्या वेळी मुक्त होणाऱ्या सुप्त उष्णतेमुळे केंद्रभागातील हवा उबदार राहते. त्यामुळे तेथील दाब कमी राहून वारे जोराने आत खेचले जातात. समुद्राचे पाणी घुसळले जात असल्याने त्याच्या जाड थरातील उष्णता वादळाला उपलब्ध होते. जमिनीत उष्णता फार सावकाश वाहते व तिचा वरचा पातळ थरच कामी येतो; तो मेघांच्या छायेत व पावसात लवकर थंड होतो. डोंगर, झाडी व घरे यांच्याशी होणाऱ्या घर्षणाने वादळ नाहीसे होते, अशी समजूत आढळते. ती अपुरी आहे. घर्षणामुळे पृष्ठभागालगतचे वारे मंदावतात हे खरे, परंतु वादळाचा ऱ्हास मुख्यतः बाष्पाचा पुरवठा तुटल्यामुळे होतो.

रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी आलेले ‘निसर्ग’ हे वादळ या सर्वसामान्य नियमाचे चांगले उदाहरण आहे. दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात अलिबागच्या दक्षिणेस त्याने किनारा ओलांडला. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी. होता. राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावरील आगरदांडा (ता. मुरूड) आणि समोरच्या तीरावरील दिघी ही बंदरे, तसेच मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन हे तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. घरांवरील कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीसाठी प्रसिद्ध असलेल्या या पट्ट्यात ही हानी एका हंगामाची नव्हती, कारण पोफळ फळावर येण्यास अनेक वर्षे लागतात. वादळ स्वतः मात्र लवकर ओसरले. संध्याकाळपर्यंत तीव्र चक्री वादळाचे साधे चक्री वादळ झाले, मध्यरात्रीच्या सुमारास त्याचे तीव्र अवदाबात रूपांतर झाले आणि ४ जून रोजी ते अवदाबाच्या स्वरूपात मध्य प्रदेशाकडे सरकले. मॉन्सून त्या वेळी कोकणात पोहोचलेला नव्हता व उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीत ओलावा बेताचाच होता. शिवाय किनाऱ्यापासून अवघ्या ५० किमी.च्या आसपास सह्याद्रीची भिंत उभी आहे. तथापि ओसरण्यास लागलेल्या त्या काही तासांत घाटमाथ्यावरील व पुणे जिल्ह्यातील गावांनाही नुकसान सोसावे लागले.

जमीन पुरेशी भिजलेली असेल, तर तिच्यावरून होणारे बाष्पीभवन काही अंशी समुद्राची जागा घेते. यास ‘तपकिरी महासागर परिणाम’ असे नाव मिळाले आहे. नाव जरा भडक असले, तरी चिखलाच्या रंगामुळे ते लक्षात राहते. ऑगस्ट २००७ मध्ये ‘एरिन’ हे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर दुर्बल अवस्थेत आले. पण तीन दिवसांनी किनाऱ्यापासून शेकडो किमी. आत ओक्लाहोमात ते समुद्रावरील आपल्या कमाल तीव्रतेहून अधिक प्रबळ झाले आणि त्याच्या केंद्राशी डोळ्यासारखी रचना दिसू लागली. त्यापूर्वीच्या महिन्यांत त्या प्रदेशात असाधारण पाऊस झाला होता. अँडरसन व शेफर्ड यांनी १९७९ ते २००८ या काळात जमिनीवर दूरवर गेलेली २२७ वादळे तपासली, तेव्हा त्यांपैकी ४५ वादळांनी आपले सामर्थ्य टिकविले वा वाढविले होते, असे आढळले. याकरिता जमिनीवरून दर चौ. मी.ला सरासरी किमान ७० वॉट सुप्त उष्णता मिळावी लागते. समुद्रावरून ती सुमारे २०० वॉट मिळते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात तापलेल्या वाळूवर वादळाचा पहिला पाऊस पडला म्हणजे ओल्या वाळूची उष्णतावाहकता वाढून खालच्या थरातील उष्णता वर येते व वादळ पुन्हा जोर धरते, असेही एक स्पष्टीकरण देण्यात आले आहे. ‘हेझल’ वादळाने १९५४ मध्ये टोरांटोपर्यंत जाऊन केलेला संहार निराळ्या जातीचा होता. तेथे थंड व उबदार वायुराशींच्या तापमानातील फरकाने ऊर्जा पुरविली.

ओलावा एकटा पुरेसा नसतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडणारे ‘फयान’ वादळ पावसाळ्यानंतर येऊनही दुसऱ्या दिवसापर्यंत विरून गेले. भोवतालची हवा दमट असणे आणि उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात व दिशेत फार फरक नसणे, याही अटी आहेत. भारतात त्या बहुधा मॉन्सूनच्या काळात पूर्ण होतात. बंगालच्या उपसागरातील मॉन्सून अवदाब गंगेच्या मैदानातून व मध्य भारतातून अनेक दिवस वाटचाल करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थान-मध्य प्रदेशाच्या भागात तयार झालेला अवदाब जमिनीवरच तीव्र झाला, मुसळधार पावसाने भिजलेल्या गुजरातवर टिकून राहिला आणि ३० ऑगस्ट रोजी अरबी समुद्रालगत त्याचे ‘असना’ या चक्री वादळात रूपांतर झाले. अरबी समुद्रात ऑगस्ट महिन्यात चक्री वादळ होण्याची ही १९७६ नंतरची पहिलीच घटना होती.

जमिनीवर वारे मंदावले तरी पाऊस त्याच प्रमाणात घटत नाही. २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर आलेल्या ‘गुलाब’ वादळाचे वारे तेलंगणापर्यंतच पुष्कळसे ओसरले होते. तरीही त्याच्या अवशेषाने २८ सप्टेंबरच्या सुमारास मराठवाड्यात अतिवृष्टी केली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले व नदीकाठची पिके पाण्याखाली गेली. हाच अवशेष गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नावाने पुन्हा चक्री वादळ बनला आणि ३ ऑक्टोबर रोजी ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळला.