क्योतोचे निर्जल उद्यान आणि नदीकाठची माणसे

माण येथील आमच्या धम्मवर्गात येणारे बरेचसे तरुण हिंजवडीच्या संगणक उद्योगांत नोकरी करणारे आहेत. कामानिमित्त त्यांच्यापैकी काहींचे जपानला जाणे-येणे असते. परत येताना ते एक लाकडी तबक घेऊन येतात. तबकात पांढरी वाळू, तीन-चार गोटे आणि बोटभर लांबीचे दंताळे. कार्यालयातील मेजावर ठेवलेले हे तबक दाखवून एकाने आम्हाला विचारले, "हे झेन उद्यान म्हणतात ते बौद्ध आहे काय? आणि असेल, तर भगवान बुद्धांच्या शिकवणुकीत खडीचे काय काम?" प्रश्न थट्टेने विचारला असला तरी उत्तर थट्टेवारी देण्यासारखे नव्हते. योगायोगाने गेल्या कार्तिकात क्योतो नगरी पाहण्याचा योग आला व तेथील ऱ्योआनजी विहाराच्या प्रसिद्ध निर्जल उद्यानात आम्हाला काही काळ बसता आले. प्रस्तुत लेख त्या भेटीतून व त्यानंतर केलेल्या वाचनातून सिद्ध झाला आहे.

प्रथम खडीविषयी. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासासंबंधीचे जे प्रकरण आहे, त्यात विहाराच्या अंगणात पावसाने चिखल होतो अशी अडचण आलेली दिसते. त्यावर भगवंतांनी 'मरुम्ब' पसरण्याची अनुज्ञा दिली. मरुम्ब म्हणजे रेव, बारीक खडी. ती पुरेशी पडेना तेव्हा फरशी घालण्याची व पाणी वाहून जाण्यासाठी मोरी काढण्याचीही अनुज्ञा मिळाली. म्हणजे विहाराच्या अंगणातील खडीचा पहिला उल्लेख पायाला चिखल लागू नये एवढ्याच साध्या हेतूने आला आहे. त्यात गूढ असे काही नाही. अंगण झाडणे हेही भिक्खूचे नित्यकर्मच होते. परिवार या ग्रंथात झाडण्याचे पाच लाभ सांगितले असून, झाडणाऱ्याचे स्वतःचे चित्त प्रसन्न होते आणि पाहणाऱ्याचेही होते, हे त्यांतील पहिले दोन. आमच्या मते, जपानच्या उद्यानाकडे जाण्याची वाट या दोन लाभांवरून जाते. पुढील तत्त्वचर्चेवरून ती क्वचितच जाते.

जपानी भाषेत अशा उद्यानास 'कारेसान्सुई' म्हणतात. अर्थ असा की, कोरडे डोंगर-पाणी. हा शब्द अकराव्या शतकातील 'साकुतेइकी' या उद्यानरचनेवरील ग्रंथात आढळतो. जेथे तळे नाही, ओढा नाही, तेथे दगड मांडण्याची रीत, एवढाच तेथे त्याचा अर्थ आहे. पुढे चौदाव्या शतकात मुसो सोसेकी (१२७५ ते १३५१) या झेन आचार्यांनी सन १३३९ मध्ये साइहोजी विहाराचा जीर्णोद्धार केला. त्याच्या वरच्या भागात कोरड्या धबधब्यासारखी दगडांची जी रचना आहे, ती त्यांच्या नावाशी जोडली जाते. पंधराव्या शतकात क्योतोत ओनिन युद्धाची (१४६७ ते १४७७) आग लागली व नगरीचा मोठा भाग बेचिराख झाला. तळी खोदण्यास धन नव्हते, जागाही अपुरी होती. अशा काळात विहारांच्या लहानशा अंगणांत खडी, दगड आणि शेवाळे एवढ्यावर उद्याने उभी राहू लागली. दाइतोकुजी परिसरातील, सन १५०९ मध्ये स्थापन झालेल्या दाइसेनइन विहारात तर खडीची नदी डोंगरातून निघून पुढे विस्तीर्ण होताना दाखविली आहे.

ऱ्योआनजीची स्थापना सन १४५० मध्ये होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने केली. ओनिन युद्धात विहार जळाला व त्याच शतकाच्या अखेरीस पुन्हा उभा राहिला. सन १७९७ मध्ये मुख्य सभागृहास पुन्हा आग लागली; आज जे सभागृह आहे, ते सन १६०६ मध्ये बांधलेले असून दुसऱ्या वास्तूतून येथे आणून बसविलेले आहे. उद्यान नेमके कोणत्या साली व कोणी रचले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंपरेने ते सोआमी या चित्रकाराच्या नावावर घातले जाते, पण त्यास भक्कम पुरावा नाही. सन १७९९ च्या एका सचित्र स्थळवर्णनात तर लोक खडीवर चालताना दाखविलेले आहेत. आज कोणी तसे केले तर काय होईल याची कल्पना वाचकांनी करावी!

आम्ही सकाळी आठ वाजता, दार उघडताच पोहोचलो. पादत्राणे काढून लाकडी ओसरीवर बसलो. समोर सुमारे २५ मीटर लांब व १० मीटर रुंद अंगण, त्यावर फिकट खडी, खडीत दंताळ्याने ओढलेल्या सरळ रेघा आणि दगडांभोवती वर्तुळे. दगड एकूण १५, पाच समूहांत मांडलेले : पाच, दोन, तीन, दोन, तीन. दगडांच्या पायथ्याशी शेवाळे. त्याखेरीज अंगणात हिरवे काही नाही. ओसरीवर कोठेही बसा, पंधरांपैकी एक दगड दुसऱ्याआड जातो. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत मोजून पाहिले. प्रत्येक वेळी चौदाच. आमच्यासोबतच्या एका भगिनींनी "आपल्याला सगळे एकदम कधीच दिसत नाही, हे सांगायला एवढे दगड कशाला?" असे विचारले, तेव्हा उत्तर देणे आम्हाला कठीणच गेले.

शरद ऋतूत हे उद्यान पाहण्याचे वैशिष्ट्य असे की, अंगणात झाड नसल्याने ऋतू भिंतीपलीकडून येतो. दक्षिणेची व पश्चिमेची भिंत मातीची आहे. माती तेलात कालवलेली असल्याने ते तेल शतकानुशतके बाहेर झिरपून भिंतीवर तपकिरी, करडे डाग उमटले आहेत. त्या भिंतीवरून मेपलची तांबडी-पिवळी झाडे डोकावतात. वाऱ्याची झुळूक आली की पाच-सहा पाने भिंत ओलांडून खडीवर पडतात. रेघांच्या मधोमध ते तांबडे पान एखाद्या सांडलेल्या वस्तूसारखे दिसते. काही वेळाने ते उचलले जाते, तोवर दुसरे पडलेले असते. अनित्यता शब्दांनी शिकविणाऱ्यांनी हे एकदा पाहावे असे आम्हास वाटले. पण लगेच हेही मनात आले की, रोज पहाटे पाने वेचणाऱ्यास ती अनित्यता कितपत रम्य वाटत असेल?

खडीचेही शास्त्र आहे. ती 'शिराकावा' नावाची, क्योतोच्या पूर्वेकडील डोंगरांतून वाहणाऱ्या त्याच नावाच्या ओढ्यातील. तेथील ग्रॅनाइट दगड ऊन-पावसाने झिजून त्याचे दाणे सुटतात. पांढरा फेल्डस्पार, करडा क्वार्ट्झ व अभ्रकाचे काळे ठिपके यांमुळे ती चकाकते पण डोळ्यांवर येत नाही. दाणे गोल नसून कोनदार असतात, म्हणून एकमेकांत अडकून रेघ टिकते. आपल्या नदीची गोल, बारीक वाळू पसरली तर वाऱ्यापावसात रेघ राहणार नाही. शिराकावातून खडी काढण्यास आता बंदी आहे. जुनी खडीच धुऊन, चाळून पुन्हा वापरली जाते. माणमध्ये खडी म्हटली की आपल्यासमोर काळा कातळ, दगड फोडणारे यंत्र आणि रस्त्यावर सांडत जाणारे डंपर उभे राहतात. आपला दगड बेसाल्ट, म्हणून आपली खडी काळी. या फरकामुळे हिंजवडीतील काही इमारतींच्या आवारात 'जपानी पद्धतीने' पसरलेली खडी लांबून कोळशाच्या वखारीसारखी भासते, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

आता मूळ प्रश्न. हे उद्यान बौद्ध आहे काय? 'झेन उद्यान' हा शब्दप्रयोग फार जुना नाही. लोरेन कक या अमेरिकन लेखिकेने सन १९३५ मध्ये क्योतोच्या उद्यानांवरील आपल्या पुस्तकात तो वापरला व तो रूढ झाला. वायबे कुइटर्ट यांनी सन १९८८ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ही उद्याने झेन साक्षात्काराची प्रतीके आहेत ही समजूत विसाव्या शतकातील आहे. त्या काळच्या चिनी चित्रकलेचा व सरदार-दरबारी अभिरुचीचा वाटा त्यांत अधिक आहे. आम्हास हे म्हणणे बहुतांशी पटते.

परंतु हे उद्यान आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते आणखी एका कारणाने, आणि त्याविषयी प्रवासी पुस्तिकांत सहसा लिहिलेले नसते. ओसरीवरून न दिसणाऱ्या एका दगडाच्या मागील अंगावर दोन नावे कोरलेली आहेत. एक 'कोतारो'. दुसरे झिजलेले असून कोणी ते 'सेइजिरो' तर कोणी 'हिकोजिरो' असे वाचतात. ही नावे आचार्यांची नाहीत, सरदारांचीही नाहीत. ती उद्यानात राबलेल्या 'कावारामोनो' लोकांची असावीत असे अभ्यासक मानतात. कावारामोनो म्हणजे नदीकाठची माणसे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, विहिरी खणणे, दगड व झाडे वाहणे ही त्यांची कामे. मृत्यू व रक्त यांचा विटाळ मानणाऱ्या समाजाने त्यांना वस्तीबाहेर, नदीच्या पुराच्या जागी ठेवले होते. आमच्या वाचकांना याहून अधिक स्पष्टीकरणाची आवश्यकता नाही.

याच लोकांतून झेनआमी हा थोर उद्यानकार झाला. शोगुन आशिकागा योशिमासाची त्याच्यावर मर्जी होती. तो आजारी पडला असता शोगुनने त्यास औषध पाठविल्याची नोंद आहे. सन १४८२ मध्ये, ९७ वर्षांचा होऊन तो वारला. त्याचा नातू माताशिरो हाही उद्यानकारच. एका झेन भिक्खूच्या सन १४८९ च्या रोजनिशीत त्याचे बोलणे टिपून ठेवले आहे. खाटिकाच्या घरी जन्म आल्याचे त्याला दुःख होते, म्हणून आपण कधी प्राणिहत्या करणार नाही व परधनाचा लोभ धरणार नाही असा निश्चय त्याने केला होता. पाच शीलांतील दोन शीले या माणसाने पाळली, आणि ज्या प्राणिहत्याविरतीच्या शीलाचा आधार घेऊन त्याच्या लोकांना अपवित्र ठरविले गेले, तेच शील त्याने उचलले. हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

बौद्ध देशात हे घडले, हे लपविण्याचे कारण नाही. सन १८७१ च्या राजाज्ञेने हे भेद कायद्याने रद्द झाले, पण व्यवहारात राहिले. या समाजाच्या तरुणांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतोतच 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. तिच्या नावाचा आशय समपातळी असा आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी, सन १९२७ मध्ये झाला. विहारांनीही या समाजाच्या मृतांना हीनतादर्शक धम्मनावे देऊन ती थडग्यांवर कोरलेली होती. सन १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या पदाधिकाऱ्याने जपानात असा भेदभाव नाहीच असे सांगितले. त्यावर मोठा निषेध झाला. पुढे पंथाने चूक मान्य केली व ती नावे बदलण्याचे काम हाती घेतले. धम्माच्या नावाने झालेली चूक धम्मसंघाने मान्य करावी, ही गोष्ट आम्हास ऱ्योआनजीच्या पंधरा दगडांहून मोठी वाटते.

कारागिराचे नाव दगडावर राहणे ही गोष्ट आपल्याकडेही आहे, आणि ती लपलेली नाही. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या पुत्राने, हे द्वार केले असा लेख आहे. कोंढाणे येथे कान्हाचा शिष्य बलक याचे नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरांत सुताराचे व शिल्पकाराचे नाव दर्शनी बाजूस कोरले गेले. क्योतोत ते दगडाच्या पाठीस गेले. माणच्या उत्तरेस देहूरोड आहे, जेथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेथे जाणाऱ्या आमच्या धम्मबांधवांनी पुढे कार्ल्यापर्यंत जाऊन तो सामीचा लेख अवश्य पाहावा.

जपानला जाणे सर्वांस शक्य नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते ओकायामा नगरीच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलेले असून पुणे-ओकायामा मैत्रीचे द्योतक आहे. मूळ कोराकुएन हे सरदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेने सन १६८७ मध्ये सुरू होऊन १७०० मध्ये पूर्ण झाले. ते फिरत फिरत पाहण्याचे उद्यान आहे, त्यात हिरवळ आहे, पूल आहेत, तळे आहे. निर्जल उद्यानाला नवे रूप देणारे मिरेइ शिगेमोरी (१८९६ ते १९७५) हेही ओकायामा प्रांतातच जन्मले, आणि सन १९३९ मध्ये त्यांनी क्योतोच्या तोफुकुजी विहारात रचलेले उद्यान अजून पाहावयास मिळते. पण सिंहगड रस्त्यावर जाणाऱ्यांनी खडीचे अंगण शोधू नये. तेथे पाणी आहे, आणि रविवारी संध्याकाळी गर्दीही फार असते.