वेळास : कासवांच्या कलाने चालणारा किनारा

सावित्री नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ, मंडणगड तालुक्याच्या टोकाला वेळास वसलं आहे. पेशवाईतले मुत्सद्दी नाना फडणवीस यांचं हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे, कौलारू घरं आणि त्यांमधून जाणाऱ्या अरुंद पाखाड्या असं हे अस्सल कोकणी गाव. वस्ती मागे टाकून थोडं चालत गेलं की सुरूचं बन लागतं आणि त्यापलीकडे किनारा.

या किनाऱ्यावर मोटारबोटी नाहीत, घोडागाड्या नाहीत, भेळपुरीच्या टपऱ्यांची रांगही नाही. ओहोटीला ओली वाळू उघडी पडते, तेव्हा बोराएवढ्या खेकड्यांची कामं सुरू होतात. वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाणं शोषायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची नक्षी उमटते. पुढच्या भरतीला ती पुसली जाते आणि ओहोटीला पुन्हा नवी.

वेळासचं नाव झालं ते मात्र ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात माद्या रात्री वाळूत येतात, मागच्या पायांनी खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटून परत जातात. पिल्लांची वाट पाहायला त्या थांबत नाहीत. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री यांच्या तोंडी जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी या भागात फिरत होते, तेव्हा त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. त्यातून 2002 मध्ये इथे संरक्षणाचं काम उभं राहिलं. पुढे ग्रामस्थ आणि वनविभाग त्यात उतरले.

हे काम करणारे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात. वाळूवर मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग दिसला की घरटं शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या जागेत, घरट्याएवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक. वाढत्या उष्म्याची चिंता म्हणूनच इथे थेट घरट्यापर्यंत पोचते.

सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहतात. पिल्लं निघाली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर सोडतात. काळपट राखाडी, तळहातावर दोन-तीन मावतील एवढी. उचलून पाण्यात टाकणं सोपं असतं, पण ती वाट त्यांनी स्वतः चालायची असते. पहिली लाट त्यांना उलटंपालटं करून मागे फेकते, पिल्लू सावरतं आणि पुन्हा त्याच दिशेने निघतं. हे पाहायला दोरीमागे उभी असलेली माणसं आपोआप गप्प होतात. जानेवारी 2022 मध्ये ‘प्रथमा’ नाव दिलेल्या मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारं यंत्र बसवलं गेलं, तेही याच किनाऱ्यावर.

पिल्लांचा हा प्रवास पाहण्यासाठी भरणाऱ्या कासव महोत्सवाच्या दिवसांत पाहुण्यांची सोय गावातल्या घरांमध्येच होते. ओटीवर गाद्या, जेवायला कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी, आणि आधी सांगितलं तर उकडीचे मोदक. ज्या अंड्यांना कधी गिऱ्हाईक मिळत होतं, त्याच अंड्यांच्या राखणीवर आता घराघरात चार पैसे येतात. वेळासचा किनारा शाबूत राहिला, त्यामागचं खरं कारण हेच. नुसत्या बंदीने एवढं साधलं नसतं.

मुंबईहून येणाऱ्यांना श्रीवर्धनकडून बागमांडला गाठून फेरीबोटीने सावित्री ओलांडता येते. पलीकडे उतरलं की वाटेत बाणकोटचा किल्ला पाहता येतो. मोठ्या हॉटेलाची अपेक्षा ठेवू नये, घरगुती मुक्काम आधी ठरवावा.

पिल्लं दिसतीलच याची हमी कोणी देत नाही. घरटं आपल्या रजेचा विचार करून फुटत नाही. म्हणून एक रात्र जास्तीची हाताशी ठेवा. किनाऱ्यावर विजेरी आणि फ्लॅश बंद ठेवा, दोरी ओलांडू नका आणि नेलेला कचरा परत आणा. एवढं जमणार असेल तरच वेळासला जा.