अल्बममधली तपकिरी रेघ

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला की आमचा संध्याकाळी सहाचा तास सातला सुरू होतो. इटलीत त्या दिवशी घड्याळं तासभर मागे घेतात. आपल्याकडे तसं काही नसल्याने बदलायचं ते आम्हीच. सातला कॉलेजची कॉम्प्युटर लॅब बंद झालेली असते, म्हणून मुलं आपापल्या घरून जोडली जातात. कुणाच्या मागे पौड रस्त्यावरचे हॉर्न, तर कुणाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या. समोर बारा-तेरा इटालियन चेहरे असतात आणि त्यांच्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात.

मी कोथरूडच्या एका कॉलेजात शहरांचा इतिहास शिकवते. उत्तर इटलीतल्या एका विद्यापीठातली माझी सहकारी आणि मी मिळून सहा आठवड्यांचा एक भाग शिकवतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये अशा जोडवर्गांसाठी खास केंद्र काढलं आणि ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय शिक्षण म्हटलं की परदेशी प्राध्यापकाचं ऑनलाइन व्याख्यान ठेवतात, शेवटी आभार मानतात आणि अहवालात एक ओळ वाढते. सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवरचे कोर्स उपयोगी आहेत, सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करता येतात, पण तिथेही मूल एकटंच पडद्यासमोर बसतं. जोडवर्गात दोन देशांतल्या मुलांना एकच काम मिळून करावं लागतं आणि एकमेकांना प्रश्न विचारल्याशिवाय ते काम पुढे सरकत नाही.

आमचं काम पाण्याने बदललेल्या शहरांचं. पुण्याकडे १२ जुलै १९६१ आहे. सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फोडलं आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्यांच्याकडे ९ ऑक्टोबर १९६३ आहे. त्या रात्री टोक डोंगराचा कडा वायोंत धरणाच्या जलाशयात कोसळला. त्यातून उसळलेली लाट धरणावरून पलीकडे गेली आणि खालचं लोंगारोने गाव पुसलं गेलं. सुमारे दोन हजार माणसं गेली. तिथलं धरण आजही उभं आहे. आमची मुलं त्याचं चित्र पाहून गप्प झाली. आपल्याकडे धरण गेलं आणि शहर राहिलं, तिकडे धरण राहिलं आणि गाव गेलं.

पहिले दोन आठवडे नकाशात जातात. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा तर दोन्हींत जागा न सोडलेली ठिकाणं लागतात. पेठांत ती पटापट सापडतात: शनिवारवाडा, ओंकारेश्वर, लकडी पूल. कोथरूडला मुलं अडली. मृत्युंजयेश्वराचं देऊळ मिळालं, गावठाण मिळालं आणि पुढे नुसती शेतं. चांदणी चौकातला पूल एकाने उत्साहाने धरला होता, पण तो २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटाने पाडला हे त्याच्या लक्षातच नव्हतं. आपण जिथे राहतो तिथे टेकू द्यायला इतकं कमी जुनं आहे, हे मुलांना तेव्हा कळलं.

मग मुलाखती. माझी एक विद्यार्थिनी कोथरूडच्याच डहाणूकर कॉलनीतल्या एका आजींकडे गेली. पूर आला तेव्हा त्या नारायण पेठेतल्या वाड्यात होत्या, नुकतं लग्न झालेलं. तिने इंग्रजीत लिहिलं, ‘आजींचं घर पुरात गेलं.’ तिकडून प्रश्न आला: घर त्यांच्या मालकीचं होतं का? वाडा म्हणजे हवेली, एवढंच इटालियन मुलांच्या कानावर होतं. तिला ‘बिऱ्हाड’ हा शब्द समजावून द्यावा लागला. एका वाड्यात अनेक कुटुंबं, प्रत्येकाच्या दोन खोल्या, नळ सामाईक, मालक तिसराच. हे आमच्या मुलांनी आजीआजोबांकडून शंभरदा ऐकलेलं, पण एकानेही निबंधात लिहिलेलं नव्हतं. पुण्याच्या माणसाला ते सांगावं लागत नाही ना! पण ते सांगितल्याशिवाय त्या कुटुंबाचं पुढचं पाऊल कळत नाही. खोल्या गेल्या तेव्हा मागे जमिनीचा तुकडासुद्धा उरला नाही. पुढे काही वर्षांनी त्यांनी सोसायटीत पैसे भरून कोथरूडला प्लॉट घेतला तो यामुळे. नातेवाईक म्हणाले होते, ‘वनवासात चाललात.’

आजींकडे त्या पुरातून वाचलेली एकच वस्तू आहे, लग्नाचा अल्बम. मुलीने मोबाइलवर फोटो काढून आमच्या सामाईक नकाशावर चढवले. नवरा-नवरी, मुंडावळ्या, मागे गर्दी. सगळे छातीपर्यंतच. एका इटालियन मुलाने विचारलं, ‘तुमच्याकडे तेव्हा पायांचे फोटो काढत नसत का?’

तिने तासात उत्तर दिलं नाही. रात्री मला फोन केला. ‘मॅडम, खालचा भाग मी कापला. खराब होता.’

दुसऱ्या दिवशी तिने पूर्ण फोटो चढवले. प्रत्येकाच्या मध्यावर आडवी तपकिरी रेघ, रेघेखाली सगळं मातकट, वर नवरीचा चेहरा स्वच्छ. पानामागून पान, रेघ त्याच उंचीवर. अल्बम भिंतीतल्या फडताळात उभा ठेवलेला होता आणि पाणी अर्ध्या अल्बमपर्यंत येऊन थांबलं होतं. म्हणजे आम्ही इतके आठवडे जी पुराची पातळी शोधत होतो ती तिच्या मोबाइलमध्ये होती आणि फोटो नीटनेटके दिसावेत म्हणून तिने ती काढून टाकली होती. मी तिला रागावले नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

तिकडच्या गटात, लोंगारोने ज्या बेलुनो भागात आहे, तिथली एक मुलगी आहे. तिने पूर्ण फोटो बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, आमच्या गावातल्या कित्येकांकडे अल्बमच नाहीत. तेवढंच म्हणाली. पण आता तिला नेमकी उंची हवी होती.

वाडा पडून कितीतरी वर्षं झाली, फडताळ मोजायचं कुठे? मुलगी मेजरिंग टेप घेऊन पुन्हा आजींकडे गेली. आजी स्वयंपाकघरातल्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. अल्बम असायचा ती वरची फळी म्हणजे त्यांचा हात जेमतेम पुरायचा तेवढी. त्यांनी हात वर केला, टाचा उचलल्या, तोल सांभाळायला दुसरा हात ओट्यावर. मुलीने टेप लावली.

‘अगं, ही नव्हे. थोडी वर घे बाळा,’ आजी म्हणाल्या. ‘तेव्हा मी उंच होते.’

नकाशावरच्या त्या ठिपक्यात पाण्याच्या उंचीचा रकाना आहे. त्यात आकडा भरायचा असतो. तिने तिथे लिहिलं आहे: एकवीस वर्षांच्या आजींचा हात पुरेल तिथपर्यंत.